शिंद्यांचे तिकीट, होळकरांचे तिकीट

उज्जैनला जाणारा गोमंतकीय बहुधा महाकाळाच्या दर्शनासाठी जातो. क्षिप्रेवर स्नान, कालभैरव, सांदीपनींचा आश्रम, एवढे झाले की परतीची गाडी. कोणी हौशी असलाच तर संध्याकाळी फ्रीगंजातल्या टॉवर चौकात चाट खायला जातो आणि घड्याळाच्या मनोऱ्यापुढे उभा राहून फोटो काढतो. फ्रीगंजला माधवनगर असेही म्हणतात. हे नाव शिंदेशाहीची आठवण आहे. उज्जैन ही शिंद्यांची पहिली राजधानी. पुढे दौलतरावांच्या काळात राजधानी ग्वाल्हेरला, लष्करला हलली, पण शहर १९४८ पर्यंत ग्वाल्हेर संस्थानातच राहिले.

आपला आणि या गावाचा संबंध केवळ यात्रेपुरता नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी. आज उभे असलेले महाकाळाचे देऊळ त्यांनीच जीर्णोद्धार करून बांधले. महादजींच्या पदरी असलेले जिवबादादा बक्षी म्हणजे पेडण्याजवळच्या केरीचे केरकर. त्यांच्या पाठोपाठ तळकोकणातली आणि गोमंतकातली कितीतरी माणसे माळव्यात गेली आणि तिथलीच झाली. माणसे दूर गेली की पत्रे येतात-जातात. राजेरजवाड्यांची पत्रे दफ्तरात गेली, इतिहासकारांनी ती छापली. पुढे पोस्ट आले आणि साध्या माणसांचीही पत्रे सुरू झाली. ही साधी पत्रे कुठल्याही दफ्तरात गेली नाहीत. त्यातली जी थोडीफार उरली ती पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या छांदिष्टांमुळे! मात्र याच छांदिष्टांनी त्यांचे नुकसानही केले आहे. आज त्याच छंदाविषयी थोडे लिहायचे आहे.

कागद जमवण्याची हौस आपल्याकडे जुनी. एका पिढीने काड्यापेट्यांवरचे छाप जमवले, दुसरीने पोस्टाची तिकिटे, तिसरीने बिग फन च्युइंगगमबरोबर येणारी क्रिकेटची कार्डे आणि त्यानंतर कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे. सगळ्यांचा खेळ एकच. माझ्याकडे दोन आहेत, तुझ्याकडे एकही नाही, तर एक घे आणि मला दुसरे दे. यातून संग्रह वाढतो, ओळखी वाढतात आणि नकळत भूगोलही पाठ होतो. पोस्टाचे तिकीट मात्र या बाकीच्यांहून एका बाबतीत वेगळे आहे. काड्यापेटीचा छाप कारखानदाराचा असतो. तिकीट सरकारचे असते. ते काढायचा अधिकार कोणाला आणि ते कुठवर चालणार, हे दोन प्रश्न त्या इंचभर कागदावर सुटलेले असतात. हिंदुस्थानातल्या संस्थानांच्या बाबतीत तर हे दोन प्रश्न फारच मजेशीर रीतीने सुटले.

१८५४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली. संस्थानांपैकी अनेकांची स्वतःची टपालव्यवस्था होती. ती बंद करून सगळीकडे एकच पोस्ट असावे अशी इंग्रजांची इच्छा, तर पोस्ट हा आपल्या राजेपणाचा भाग आहे अशी संस्थानिकांची समजूत. यातून एक मधला मार्ग निघाला. १८८४ साली पतियाळाशी टपालाचा करार झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत ग्वाल्हेर, जिंद, नाभा, चंबा आणि फरीदकोट ही संस्थानेही त्या वाटेने गेली. करार असा की, पोस्ट संस्थानाने चालवावे, पण तिकिटे ब्रिटिश हिंदुस्थानचीच वापरावीत आणि त्यावर संस्थानाचे नाव छापून घ्यावे. छापलेल्या तिकिटावर पुन्हा छापण्याच्या या प्रकाराला संग्राहक ओव्हरप्रिंट म्हणतात.

अशा रीतीने १८८५ पासून ग्वाल्हेर संस्थानात जे तिकीट चालू लागले त्यावर चेहरा व्हिक्टोरिया राणीचा, आणि त्यावर काळ्या शाईत नाव ग्वाल्हेरचे. एकदा इंग्रजीत, एकदा देवनागरीत. राणी गेली, सातवा एडवर्ड आला, तो गेला, पाचवा जॉर्ज आला, मग सहावा. पासष्ट वर्षांत या तिकिटावरचे चेहरे बदलत गेले, पण टपालाच्या तिकिटावर शिंद्यांचा चेहरा काही आला नाही.

आता इंदूरकडे वळू. उज्जैनपासून इंदूर अवघे पंचावन्न किलोमीटर. पण ते होळकरांचे. शिंदे-होळकरांची चुरस सर्वश्रुत आहे. १८०१ साली यशवंतराव होळकरांनी उज्जैनवर चाल करून शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी दोघांच्याही तलवारी म्यानात गेल्या होत्या, पण स्वभाव राहिला होता. होळकरांनी राणीचा चेहरा घेतला नाही. १८८६ साली त्यांनी लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून अर्ध्या आण्याचे जांभळट रंगाचे तिकीट छापून आणले. त्यावर चित्र होते खुद्द दुसऱ्या तुकोजीरावांचे. योगायोग असा की १८८६ च्या जून महिन्यातच इंदूरचे तुकोजीराव आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव हे दोघेही निवर्तले. दोन मराठी राजे एकाच महिन्यात गेले आणि मागे दोन तऱ्हेची तिकिटे ठेवून गेले.

यातले मानाचे तिकीट कोणते? वाचक म्हणतील, अर्थात होळकरांचे. स्वतःचा राजा, स्वतःचे चित्र, परक्याचा मागमूस नाही. पण आता दुसरा प्रश्न विचारू. ते चालत असे कुठवर? होळकरांचे तिकीट होळकरांच्या हद्दीपुरते. इंदूरहून उज्जैनच्या बहिणीला खुशाली कळवायची असेल तर तुकोजीरावांचे तिकीट पुरत नसे, तिथे इंग्रजांचे तिकीट लागे. उलट शिंद्यांचे ते राणीच्या मुखड्याचे तिकीट करारामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात सगळीकडे चालत असे. उज्जैनच्या पोस्टात टाकलेले पत्र त्याच तिकिटावर पुण्याला जाई, मुंबईला जाई, अगदी आपल्या शेजारच्या वेंगुर्ल्यालाही जाऊ शके, कारण वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात म्हणजे इंग्रजी मुलखात. ज्याने स्वतःचा चेहरा राखला त्याचे पत्र वेशीवर अडले, आणि ज्याने चेहरा सोडून नुसते नाव राखले त्याचे पत्र देशभर फिरले. संस्थानी स्वातंत्र्याची खरी किंमत किती होती, हे तहनाम्यांच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा या दोन कागदांवरून लवकर समजते.

माळव्यात हा एवढाच नमुना नव्हता. धारच्या पवारांनी १८९७ साली स्थानिक छापखान्यात खिळे जुळवून तिकिटे काढली आणि ती खरी आहेत हे कळावे म्हणून त्यांवर लंबवर्तुळाकार शिक्का मारला. १९०१ पर्यंत हा उद्योग आटोपला. देवासला तर पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे! त्यांनी पोस्टाची तिकिटे काढली नाहीत, पण कोर्ट फीचे स्टॅम्प दोघांचे वेगवेगळे. जुन्या खरेदीखतांवर आणि दाव्यांच्या कागदांवर ते अजून दिसतात.

आपण गोवेकरांनी याला हसू नये, कारण आपली कथाही फार वेगळी नाही. पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटे १८७१ साली निघाली. गोव्यातच छापलेली, ओबडधोबड, किंमत रेइशमध्ये. तीही आपल्या हद्दीपुरतीच. १८७७ पर्यंत गोव्याहून ब्रिटिश हिंदुस्थानात पत्र पाठवायचे असेल तर पाकिटावर दोन तिकिटे लावावी लागत, एक पोर्तुगालच्या राजाचे आणि एक इंग्लंडच्या राणीचे. पणजीहून मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या मुलाला आईने चार ओळी लिहाव्यात, आणि त्या पोचवायला युरोपातले दोन सिंहासनाधीश लागावेत! अशी दोन तिकिटांची पाकिटे आज जगातल्या संग्राहकांना मोलाची वाटतात. त्यांपैकी किती आपल्या माड्यांवरच्या पेट्यांतून निघाली आणि किती पावसाळ्यात कसर लागून गेली, कोण सांगणार?

इथेच या छंदाचा दोष सांगायला हवा. लहानपणी आम्हां सगळ्यांना एकच पद्धत शिकवली गेली. पाकिटाचा तिकिटाकडचा कोपरा कापायचा, तो वाटीतल्या पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटले की वर्तमानपत्रावर वाळवायचे आणि वहीत लावायचे. उरलेले पाकीट टाकून द्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले. वही भरली, पण काय गेले ते पाहा. पाकिटावर पाठवणाऱ्या गावाचा शिक्का असतो, पोचलेल्या गावाचा शिक्का असतो, दोन्हींवर तारखा असतात. पत्ता असतो, तो माळव्यातल्या मराठी घराण्यांत कित्येकदा मोडीत लिहिलेला. पत्र कुठून निघाले, कोणत्या वाटेने गेले, किती दिवसांत पोचले, हद्द ओलांडताना जादा पैसे पडले की नाही, हे सारे पाकीट सांगते. ग्वाल्हेरचे सुटे तिकीट इतकेच सांगते की ग्वाल्हेर नावाचे संस्थान होते. ते आपल्याला ठाऊकच होते. उज्जैनचा शिक्का बसलेले आणि पुण्याच्या पेठेतला पत्ता असलेले पाकीट मात्र एका घराची गोष्ट सांगते.

संग्राहकांना दोष देताना त्यांचे ऋणही मानले पाहिजे. कलकत्त्यात १८९७ साली फिलॅटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. टपालखात्यातले अधिकारी चार्ल्स स्ट्युअर्ट-विल्सन यांनी याच सुमारास संस्थानांची नावे छापलेल्या तिकिटांवर पुस्तक लिहिले. भिंग लावून, अक्षर अन् अक्षर मोजून या मंडळींनी नोंदी केल्या. ग्वाल्हेरच्या इंग्रजी नावात शेवटून दुसऱ्या ओ ऐवजी सी पडलेली तिकिटे त्यांनीच शोधून काढली. चुकीचे तिकीट बरोबर तिकिटापेक्षा महाग, हा या छंदाचा उलटा न्याय. त्यातून लबाडीही आली. ब्रिटिश हिंदुस्थानचे स्वस्त तिकीट घ्यायचे, त्यावर संस्थानाचे नाव उठवायचे की झाले दुर्मीळ! वापरलेल्या तिकिटात जाणकार आधी हे पाहतात की पोस्टाचा शिक्का नावाच्या वर आहे की खाली. अस्सल तिकिटात नाव आधी छापलेले असते आणि शिक्का नंतर पडतो. शिक्क्याच्या शाईवर नाव चढलेले दिसले तर समजावे, कोणीतरी नंतर उद्योग केला आहे. पण अशा तिकिटाचा खरेपणा सर्वांत चांगला सिद्ध होतो तो पाकिटावर, कारण तिथे गावाचे शिक्के, तारीख आणि टपालाचा दर यांचा मेळ बसावा लागतो. म्हणजे पाकीट फेकून आपण इतिहास तर घालवलाच, साक्षीदारही घालवला.

१९४८ साली मध्यभारत संघ झाला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, असे दोन जुने प्रतिस्पर्धी एका राज्यात आले. संस्थान गेले तरी त्याचे तिकीट लगेच गेले नाही. ग्वाल्हेरच्या नावाची तिकिटे १९५० च्या अखेरपर्यंत चालली आणि १९५१ च्या पहिल्या दिवशी रद्द झाली. आपल्याकडे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज इंडियाची तिकिटे थोड्याच दिवसांत इतिहासजमा झाली. त्या संक्रमणाच्या आठवड्यांत कोणीतरी कोणाला तरी लिहिलेच असेल. आम्ही सुखरूप आहोत, काळजी करू नका. असे पाकीट कोणाच्या घरी असेल तर ते लाखमोलाचे आहे, आणि मी बाजारभावाबद्दल बोलत नाही.

आता पत्रे कोणी लिहीत नाही. जुनी घरे, मग ती उज्जैनच्या गल्लीतली असोत की फोंड्यातली, पाडली जातात. फ्लॅटमध्ये पेट्यांना जागा नसते. मोडी वाचणारे थोडे, पोर्तुगीज वाचणारे विरळ. मग गठ्ठा किलोच्या भावाने रद्दीत जातो. आपल्या घरचा गठ्ठा तसा जाऊ नये म्हणून फार काही करावे लागत नाही. पाकीट फाडू नये, तिकीट सोडवू नये, चिकटपट्टी लावू नये. आतले पत्र त्याच पाकिटात ठेवावे. आपल्या दमट हवेत तिकिटांचा गोंद एकमेकांना धरतो, म्हणून पाकिटांमध्ये कोरा कागद घालावा आणि पावसाळा संपला की गठ्ठा उघडून वारा द्यावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाठवणारा कोण, घेणारा कोण, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. ही शेवटची गोष्ट आजच करावी, कारण तिकीट शंभर वर्षे टिकते, सांगणारे माणूस तेवढे टिकत नाही.