आरेतील पडदा आणि पाडे

माध्यमशास्त्राचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा विद्यापीठाच्या दप्तरापासून आरंभ करतो, आणि अभ्यासक्रम केव्हा मंजूर झाले त्याची सालेही त्याला तेथे सापडतात. परंतु मुंबईपुरते बोलावयाचे तर या विद्येची हकीकत गोरेगावच्या पूर्वेस, म्हशींच्या गोठ्यांमधून जाणाऱ्या एका सावलीच्या रस्त्यावर अधिक बरी उमगते, असे माझे मत आहे.

शहरातील तबेले हलवून म्हशी एके ठिकाणी आणाव्यात आणि नागरिकांस निर्भेळ दूध मिळावे, या हेतूने दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली सरकारने येथे आरे दुग्ध वसाहत वसविली. सुमारे ३,१६० एकरांचा तो इलाखा, क्रमांकांनी ओळखली जाणारी त्यातील युनिटे आणि टेकडीवरचे ‘छोटा काश्मीर’ हे उद्यान, हा सारा खटाटोप दुधासाठी होता; पण दुधासाठी राखलेली ही हिरवळ चित्रपटवाल्यांच्या नजरेत भरावयास फार काळ लागला नाही. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’तील (१९५८) काही प्रसंग येथेच चित्रित झाले. पडद्यावरचा तो डोंगराळ मुलूख पाहून ज्यांनी उसासे टाकले, त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक होते की त्या मुलखाचा एक तुकडा अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमार्गावरून हाकेच्या अंतरावर आहे!

पुढे वसाहतीच्या शेजारीच १९७७ मध्ये राज्य शासनाची चित्रनगरी उभी राहिली, आणि २००१ साली तिला दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. आपल्याकडे माध्यमविद्येची एक चाल दिसते : ती स्टुडिओच्या वळचणीला राहते. पुण्यात १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था ‘प्रभात’ स्टुडिओच्या जागेतच सुरू झाली, गोरेगावात २००६ साली सुभाष घई यांची ‘व्हिसलिंग वूड्स’ ही चित्रपटशिक्षणाची संस्था चित्रनगरीच्या आवारात आली. तिला दिलेल्या वीस एकरांचा करार मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्दबातल ठरवून जमीन परत करण्याचा हुकूम दिला, तेव्हा तो प्रसंग महसुली खात्याइतकाच माध्यमाच्या विद्यार्थ्यासही शिकण्याजोगा होता. कारण कॅमेरा कोठे ठेवावा या प्रश्नाआधी तो कोणाच्या जमिनीवर ठेवावयाचा हा प्रश्न येतो, आणि तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

एका प्रकरणात या भूमीने अभ्यासकांस खरोखरच कामाला लावले. या शतकाच्या आरंभी आरेला लागूनच असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या (एसजीएनपी) परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांनी हाहाकार उडविला होता. २००५ नंतर हल्ले पुष्कळच घटले. या काळातील, म्हणजे २००१ ते २०११ च्या, वृत्तपत्रीय बातम्यांची छाननी करून त्यांत बिबट्या कोणत्या चौकटीत बसविला जातो, हे तपासणारा सलोनी भाटिया, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. शिवाय २०११ पासून वनखात्याने हाती घेतलेल्या ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात पत्रकारांशीही संवाद साधला गेला. ‘नरभक्षक’ हे विशेषण पुराव्यावाचून छापू नये, बिबट्या नुसता दिसणे आणि त्याने हल्ला करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही समज अशा संवादातूनच येते. वर्गातील चार व्याख्यानांचे काम अशा वेळी एक शब्द करून जातो.

आणि तरीही या सर्व पडद्यांच्या पूर्वीपासून येथे एक माध्यम नांदत आहे, ते वारली आदिवासींच्या पाड्यांतले. वारली घरात लग्न निघाले की सवाशिणी भिंतीला गेरू-शेणाचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात, चेचून कुंचल्यासारखे टोक केलेल्या काडीने, पालघट देवीचा चौक रेखतात. सूर्यचंद्र, झाडे, घोडा यांची त्यात दाटी असते आणि चौकाच्या गाण्यावाचून ते चित्र पुरे झाले असे कोणी मानीत नाही; चित्र, शब्द व श्रोते यांची ही सांगड पाठ्यपुस्तकात फार उशिरा आली. विनोद असा की, चित्रपटातील ‘खेडेगाव’ उभारण्यासाठी याच रानात प्लायवुडच्या झोपड्या ठोकल्या जातात, आणि खऱ्या झोपडीतला माणूस गर्दीच्या दृश्यापुरता बोलावला जातो.

आश्विनातील वाघबारशीस वारली वाघदेवापुढे नारळ फोडतात, शेंदूर लावतात, आणि गुराढोरांना सांभाळून घे असे त्याला विनवतात. त्याच सुमारास टेकडीपलीकडे चित्रनगरीत रात्रीच्या चित्रीकरणाचे दिवे लागलेले असतात, आणि झाडीत बिबट्या कोठे बसला असेल, हे दोन्हीकडे कोणास ठाऊक नसते.