यंत्रस्वीकाराची किंमत : रिंग चातीपासून जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

प्रस्तावना

उद्योगात नवे यंत्र आणावे की नाही, याची चर्चा बहुधा यंत्राच्या किमतीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. ती किंमत पावतीवर छापलेली असते. यंत्र नीट चालावे म्हणून कच्चा माल, कामाची विभागणी, कामगारांचे कौशल्य आणि देखरेख यांत जे बदल करावे लागतात, त्यांची पावती मात्र कोणी फाडत नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर मजकूर, चित्रे व संगणकीय आज्ञावली तयार करून देणारी, म्हणजेच जनरेटिव्ह, कृत्रिम बुद्धिमत्ता वेगाने कार्यालयांत शिरली आणि हा जुनाच हिशेब व्यवसायांपुढे नव्याने उभा राहिला. या हिशेबात बचत एका खात्यात दिसते आणि खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या माथी पडतो. प्रस्तुत लेखात प्रथम कापडगिरणी व बँक या दोन क्षेत्रांतील अनुभव तपासून नंतर आजच्या तंत्राचा विचार केला आहे.

रिंग आणि म्यूल

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सुरुवातीस स्वस्तातील यंत्रसामग्री घेतल्याचा फटका गिरणीला बसला व ती लवकरच बदलावी लागली. पुढे १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे रिंग चातीचा प्रयोग झाला. सूतकताईचे हे अमेरिकन यंत्र अखंड चालत असे. इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या म्यूल यंत्राची गती थांबून थांबून होती. म्यूल चालविण्यास मुरलेला कारागीर लागे, तर रिंग थोड्या शिक्षणावर चालविता येई. एवढे पाहिले तर निवड सोपी वाटते.

परंतु रिंगवर धाग्याला ताण अधिक बसतो. त्यामुळे त्याच नंबराच्या सुतासाठी अधिक लांब धाग्याचा, म्हणजे महाग कापूस लागतो. शिवाय रिंगचे सूत लाकडी बॉबिनवर गुंडाळले जाई. लँकेशायरमध्ये कताई एका गावी आणि विणाई दुसऱ्या गावी होत असल्याने सुताबरोबर त्या लाकडाचेही वाहतूकभाडे भरावे लागे आणि रिकाम्या बॉबिन परत आणण्याचे वेगळे. नागपुरात जाडेभरडे सूत काढावयाचे होते व माग त्याच आवारात होते. त्यामुळे हे दोन्ही खर्च तेथे फारसे जाणवले नाहीत. लँकेशायरमधील बहुसंख्य चात्या पहिल्या महायुद्धापर्यंत म्यूलच्याच राहिल्या. हा त्या उद्योगाचा हटवादीपणा होता की त्याच्या परिस्थितीत योग्य असा निर्णय, यावर लार्स सँडबर्ग, विल्यम लाझोनिक आदी आर्थिक इतिहासकारांनी १९६९ पासून दीर्घ वाद घातला आहे. सँडबर्ग यांनी तत्कालीन खर्चाच्या आधारे गिरणीमालकांची बाजू घेतली. लाझोनिक यांनी मात्र उद्योगाची विखुरलेली रचनाच बदलावयास हवी होती, याकडे लक्ष वेधले. आजच्या दृष्टीने लाझोनिक यांचा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. यंत्र रचनेत बसते का, हे सारेच पाहतात. रचना बदलण्याचा खर्च कोण उचलणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

नागपुरातही खर्च यंत्रापाशी थांबला नाही. अखंड चालणाऱ्या यंत्रासमोर माणूसही रोज हजर हवा. गैरहजेरी ही त्या गिरणीची मोठी डोकेदुखी होती. नियमित हजेरीसाठी बक्षिसे, कामगारांसाठी निवृत्तिनिधी यांसारख्या योजना जमशेटजींनी सुरू केल्या, त्यांमागे उदार दृष्टीबरोबर हा व्यवहारही होता.

मुंबई, १९२८

रिंगच्या हिशेबाची दुसरी बाजू मुंबईत उघड झाली. कार्यक्षमतेच्या नावाखाली ससून समूहाच्या गिरण्यांत रिंग कामगाराला साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू आणि विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळण्यास सांगितले गेले. यंत्र तेच होते, काम मात्र वाढले. त्यातच हलक्या प्रतीच्या कापसामुळे धागा वारंवार तुटतो, ही कामगारांची तक्रार होती. मालकाने कापसात वाचविलेला पैसा असा कामगाराच्या धावपळीतून वसूल होत होता. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने कार्यक्षमता योजनेचे तत्त्व अमान्य केले नाही; मात्र योग्य परिस्थिती व संरक्षण यांची जोड तिला असावी, असे मानले.

बँकांच्या बाबतीत हा करार यंत्राच्या आधी झाला, हे विशेष. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी समझोता झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. किती व कोठे यंत्रे बसवावीत, ती चालविणाऱ्यास कोणता भत्ता मिळावा, हे वाटाघाटीने ठरले. यामुळे संगणकीकरण रेंगाळले, हा आक्षेप खोटा नाही. पण तो विलंबही एक किंमतच होती आणि ती उघडपणे मोजून दिली गेली. पुढे २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतील एक लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले.

नव्या यंत्राचा हिशेब

जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचे शुल्क बहुधा टोकनवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर आकारले जाते. येथे मराठी व्यवसायाला एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही प्रणाली देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे करीत असल्याने तेच उत्तर मराठीत देणे महाग पडते. २०२४ पासून आलेल्या नव्या प्रणालींत हे अंतर बरेच घटले आहे, तरी मिटलेले नाही. तथापि हा खर्च पावतीवर दिसणारा आहे. न दिसणारा खर्च पडताळणीचा.

एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने २०२२ मध्ये एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याविषयी चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या विधानांना स्वतःच जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून भरपाई देण्यास सांगितले. रक्कम किरकोळ होती, पण जबाबदारी कोणाची हे त्यातून स्पष्ट झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइट ऑस्ट्रेलियाला सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या एका सरकारी अहवालाच्या मोबदल्यातील काही भाग परत करावा लागला. त्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आढळले होते आणि त्याच्या लेखनात या तंत्राचा वापर झाला होता. अहवाल लिहिण्याचा वेळ वाचला असेल; वाचून तपासण्याचा वेळ मात्र कोणीच खर्च केला नव्हता.

वाचलेला वेळही नीट मोजला जातोच असे नाही. मेटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये १६ अनुभवी संगणक-अभियंत्यांच्या २४६ कामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला, असा त्यांचा स्वतःचा समज होता. याउलट ५,१७९ ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासात एरिक ब्रिन्योल्फसन व सहकाऱ्यांना उत्पादकतेत सरासरी १४ टक्के वाढ आढळली. नवख्यांमध्ये ती ३४ टक्के होती, तर मुरलेल्यांमध्ये नगण्य. हे निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. म्यूल कारागिराचे कौशल्य रिंगने सोपे केले, तसे हे तंत्र अनुभवी माणसाचे ज्ञान नवख्याच्या हाती देते. मग नवख्याची गरज किती उरते, हा पुढचा प्रश्न. ब्रिन्योल्फसन यांच्याच ऑगस्ट २०२५ च्या अभ्यासात, या तंत्राचा प्रभाव अधिक असलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वर्षे वयोगटाच्या रोजगारात अमेरिकेत तुलनेने १३ टक्के घट नोंदविली आहे. उद्याचा अनुभवी पडताळणीकार आजच्या नवख्यातूनच घडत असतो. त्याच्या शिक्षणाचा खर्च आजवर कंपन्या पगाराच्या रूपाने सोसत. तो टाळला तर यंदाच्या ताळेबंदात निव्वळ बचत दिसते.

स्वीडनमधील क्लार्ना कंपनीचा अनुभव यासंदर्भात पाहण्याजोगा आहे. आपला कृत्रिम साहाय्यक ७०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांइतके काम करतो, असे तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. खर्चकपातीवर अतिभर दिल्याने सेवेचा दर्जा घसरल्याची कबुली मे २०२५ मध्ये तिच्याच प्रमुखांनी दिली व माणसांची भरती पुन्हा सुरू केली. मधल्या काळात ताटकळलेल्या ग्राहकांच्या वेळाची नोंद अर्थातच कोणत्या खात्यात झाली नाही.

या खर्चाची वाटणी आधी ठरविण्याचा अलीकडील ठळक प्रयत्न अमेरिकेतील पटकथालेखकांचा होय. २ मे २०२३ पासून १४८ दिवस चाललेल्या संपानंतर झालेल्या करारात, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर लेखकाला दिल्यास तसे सांगणे निर्मात्यावर बंधनकारक झाले आणि हे तंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, असे ठरले. पुणे-मुंबईतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत कामगार संघटनांचे बळ अत्यल्प आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० जणांना, म्हणजे मनुष्यबळाच्या दोन टक्क्यांना, कमी करण्याचे जाहीर केले. कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्ये जुळत नसणे हे आहे, असे कंपनीने स्पष्ट केले. त्या कपातीचा रोख मुख्यतः मधल्या व वरच्या फळीवर होता. १९८३ च्या बँकांप्रमाणे यंत्राआधी वाटाघाटीला बसेल असा दुसरा पक्ष तेथे नव्हता.