घोडेमाशी

टॅबॅनिडी कुलातील रक्तशोषक माशी. नर फुलांतील मधावर जगतो. मादीला मात्र अंडी पोसण्यासाठी रक्त लागते. ती सुरीसारख्या मुखांगांनी कातडी कापते आणि जखमेत साचलेले रक्त चाटते. म्हणूनच चावा झोंबतो, घोडा उधळतो आणि बेसावध स्वार खाली येतो.

धोका एवढ्यावर थांबत नाही. या माश्या ‘सर्रा’ हा जीवघेणा रोग पसरवतात. त्याचे परजीवी ग्रिफिथ एव्हान्स यांनी 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात ओळखले.

माशी येते ती गडद, चकाकत्या अंगाकडे. 2010 मध्ये हंगेरीतील संशोधकांनी दाखवले, की पांढऱ्या घोड्यांना तिचा त्रास कमी होतो. त्याहून विलक्षण प्रयोग ब्रिटनमधला. टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी घोड्यांना काळ्या, पांढऱ्या आणि झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घातल्या (2019). पट्ट्यांवर माश्या फारच कमी बसल्या. त्याच घोड्यांच्या उघड्या डोक्यावर मात्र नेहमीसारख्याच. पट्ट्यांजवळ आल्यावर माश्यांना वेग आवरता येत नव्हता.

तबेल्यात पायांना डसणारी स्टोमॉक्सिस ही वेगळी माशी. तिचे नर-मादी दोघेही चावतात. लीद मिसळलेला ओला पेंढा रोज उचलणे हाच तिच्यावर खरा इलाज. घोडेमाशीच्या अळ्या चिखलात वाढत असल्याने तिच्यापुढे ही सफाई अपुरी पडते. तिथे जाळीदार झूल, कानटोपी आणि परमेथ्रिनची फवारणी उपयोगी पडते. हे औषध मांजरांना विषारी असल्याने तबेल्यातल्या मांजरांना जपावे. भर उन्हात पाणथळ वाट टाळून सकाळी लवकर रपेट केलेली बरी.