इल्म आणि मेहनत : मक्याच्या शेतातल्या एका विद्यापीठाची कहाणी

विद्यापीठ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे दगडी मनोरा येतो, काळे झगे घातलेले विद्वान येतात आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत अशा घरांतली मुले येतात. मोमीन, पिंजारी, बागवान, सिकलगार यांच्या घरातला मुलगा तिथे गेलाच तर पाहुण्यासारखा जातो, असा आपल्याकडचा फार दिवसांचा अनुभव. म्हणून शेतकरी आणि कारागीर यांच्या मुलांसाठीच कायदा करून विद्यापीठे काढली गेली, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला नवल वाटले. ही गोष्ट अमेरिकेतली आहे. तिच्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि विसरू नये असा एक अन्यायही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतली बहुतेक कॉलेजे पाद्री, वकील आणि डॉक्टर घडवीत. अभ्यासक्रमात लॅटिन आणि ग्रीकला मान होता. नांगर, माती, यंत्र यांना नव्हता. इलिनॉय राज्यातले एक शिक्षक जोनाथन बाल्डविन टर्नर यांनी १८५१ च्या सुमारास उघड सवाल केला : बहुसंख्य माणसे हाताने काम करून जगतात, मग त्यांच्या कामाचे शास्त्र शिकवणारी विद्यापीठे का नसावीत? संसदेत ही मागणी लावून धरली व्हरमाँटच्या जस्टिन मॉरिल यांनी. मॉरिल हे लोहाराचे पुत्र. पंधराव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली होती. त्यांचे विधेयक अध्यक्ष ब्युकॅनन यांनी १८५९ मध्ये नाकारले. पुढे यादवी युद्ध पेटलेले असताना, २ जुलै १८६२ रोजी, अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली.

कायदा साधा होता. प्रत्येक राज्याला संसदेतल्या त्याच्या दर सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन मिळायची. ती विकून निधी उभारायचा आणि त्याच्या व्याजावर शेती व यंत्रकला शिकवणारे निदान एक कॉलेज चालवायचे. इतर शास्त्रे आणि भाषा यांनाही मज्जाव नव्हता. मदरशाला जमीन लावून द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर तालीम चालावी, ही रीत आपल्या ओळखीची आहे. इथे दाता राजा वा सावकार नव्हता, खुद्द सरकार होते.

इलिनॉयच्या वाट्याला ४,८०,००० एकरांची प्रमाणपत्रे आली. त्यातून अर्बाना आणि शॅम्पेन या दोन जुळ्या गावांच्या शिवेवर २ मार्च १८६८ रोजी ‘इलिनॉय औद्योगिक विद्यापीठ’ सुरू झाले. विद्यार्थी पन्नासच्या आसपास आणि इमारत एकच. तिच्या अवाढव्य आकारामुळे लोक तिला ‘हत्ती’ म्हणत. पहिले प्रमुख जॉन मिल्टन ग्रेगरी यांनी ‘विद्या आणि श्रम’ हे ब्रीद दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर इल्म आणि मेहनत. सुरुवातीला विद्यार्थ्यांना शेतात आणि कारखान्यात अंगमेहनतीचे काम करावे लागे. १८७० मध्ये मुलींनाही प्रवेश खुला झाला.

नावाची मात्र विद्यार्थ्यांनाच लाज वाटू लागली. त्या काळी बालगुन्हेगारांच्या सुधारगृहांनाही ‘औद्योगिक’ म्हणत. पदवीधराला लोक सुधारगृहातून सुटून आलेला समजत. अखेर १८८५ मध्ये तो शब्द गेला आणि ‘इलिनॉय विद्यापीठ’ एवढेच नाव उरले. श्रमाला मान देण्यासाठी काढलेल्या संस्थेलाही श्रमाचे नाव टिकवणे जड गेले, ही गोष्ट आम्हाला विचार करायला लावते.

तरी माती तिथून हद्दपार झाली नाही. १८७६ मध्ये तिथे ‘मोरो प्लॉट्स’ नावाची प्रयोगाची शेते आखली गेली. एका वाफ्यात वर्षानुवर्षे केवळ मकाच घ्यायचा, शेजारी पिकांची फेरपालट करायची, कुठे खत घालायचे, कुठे नाही, आणि दरवर्षी उतारा मोजायचा. एकच पीक घेत राहिले आणि जमिनीला काही परत दिले नाही तर ती खंगते, हे तिथल्या आकड्यांनी दाखवून दिले. हे प्रयोग आजही चालू आहेत. १९६९ मध्ये पूर्ण झालेले शेजारचे नवे ग्रंथालय, त्याची सावली मक्यावर पडू नये म्हणून, जमिनीखाली बांधले. पुस्तकांनी पिकासाठी जागा सोडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

आवारात १९२९ मध्ये बसवलेला ब्राँझचा पुतळा आहे. हात पसरून उभी असलेली माता, आणि तिच्या मागे एकमेकांचा हात हातात घेतलेली दोन मुले : एक विद्या, दुसरा श्रम. श्रमाच्या अंगात लोहाराचा चामडी पुढा आहे. पदवी मिळाली की मुले तिथे फोटो काढतात.

पण मातेचे हात सगळ्यांसाठी सारखे पसरलेले नव्हते. विल्यम वॉल्टर स्मिथ हे इथले पहिले कृष्णवर्णी पदवीधर १९०० मध्ये झाले, मॉडेल ब्राउन या पहिल्या कृष्णवर्णी स्त्री-पदवीधर १९०६ मध्ये. तरी १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहू दिले जात नसे. १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, पाचशेहून अधिक नवे कृष्णवर्णी विद्यार्थी खास योजनेखाली घेतले गेले. राहण्याच्या सोयींवरून त्यांनी सप्टेंबरात धरणे धरले आणि एका रात्रीत दोनशेहून अधिक जणांना अटक झाली. दार उघडले, पण आत जागा मिळवण्यासाठी पुन्हा भांडावे लागले.

आणि मुळातली जमीन कोणाची होती? ती मूळनिवासी जमातींकडून तहांनी, दडपणाने, कुठे सरळ बळजबरीने घेतलेली होती. २०२० मध्ये पत्रकारांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून हिशेब मांडला : ५२ विद्यापीठांना मिळालेली सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन जवळजवळ २५० जमातींची होती. अर्बानाच्या विद्यापीठाने तर १९२६ पासून २००७ पर्यंत खेळाच्या मैदानावर पिसांचा मुकुट घातलेला ‘सरदार’ नाचवला. ज्यांची जमीन घेतली त्यांचेच सोंग! हडपलेल्या जमिनीचा वक्फ होत नाही, हे आपले फुकहा सांगून गेले आहेत. दानाचा हेतू कितीही चांगला असो, जमीन कोणाची हे आधी विचारावे लागते.

या आवारात आपल्या उपखंडातली माणसेही वावरली. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ टागोर १९०६ मध्ये शेतीशास्त्र शिकायला आले. १९१२ च्या हिवाळ्यात खुद्द रवींद्रनाथ अर्बानात राहून गेले. १९५२ मध्ये ढाक्याचा एक तरुण इंजिनिअर शिष्यवृत्तीवर आला. फजलूर रहमान खान त्याचे नाव. तीन वर्षांत दोन एम.एस. आणि डॉक्टरेट घेऊन तो शिकागोला गेला. उंच इमारती उभारण्याची रीतच त्याने बदलली. ११० मजल्यांचा सिअर्स टॉवर, आजचा विलिस टॉवर, १९७३ मध्ये पूर्ण उंचीला पोचला आणि पुढली पंचवीस वर्षे जगात सर्वांत उंच राहिला. जेद्दाहला विमानाने उतरणाऱ्या हाजींना सावली देणारे तंबूंचे छप्पर, तेही त्याच्या कामापैकीच. १९६३ च्या जानेवारीत याच अर्बानात निरनिराळ्या कॅम्पसमधली मुले जमली आणि मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन ही संघटना निघाली. आपल्या ओळखीची कितीतरी मुले अमेरिकेत जाऊन तिच्या छताखाली जुम्याची नमाज पढली असतील.

याच विद्यापीठाच्या मदतीने भारतात पहिले कृषी विद्यापीठ पंतनगरला निघाले. नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. महाराष्ट्रात तोच नमुना १९६८ मध्ये राहुरीला आला, पेन्सिल्व्हेनियाच्या अशाच एका विद्यापीठाच्या साहाय्याने. पुढे अकोला, परभणी आणि १९७२ मध्ये आमच्या कोकणात दापोली. राहुरीच्या विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षण मात्र वरच्यांच्या मुलांना मिळते, हे जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले होते. टर्नर आणि फुले यांची भेट कधी झाली नाही, पण दुखणे दोघांनी एकच ओळखले.

दापोलीच्या विद्यापीठाने कोकणाला ‘रत्ना’ आंबा दिला, वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती दिल्या. आपल्यातल्या किती बागायतदारांनी ही कलमे लावली आहेत! पण अशा विद्यापीठाचे मोजमाप तेवढ्यावर होत नाही, असे आम्हाला वाटते. त्याच्या प्रयोगक्षेत्रावर रोजंदारीने खुरपणी करणाऱ्या बाईची मुलगी त्याच विद्यापीठाच्या वर्गात येऊन बसते का, हे पाहिले पाहिजे. लोहाराच्या मुलाने लिहिलेल्या त्या कायद्याचा मूळ अर्थ एवढाच होता. अर्बानाला तो पुरता साधला नाही. आपल्यालाही अजून साधायचा आहे.