आठ-एक-ञ

12 ऑक्टोबर 2005

माहितीचा अधिकार कायदा देशभर लागू झाला. यवतमाळचं जिल्हाधिकारी कार्यालय, सोळाही तालुक्यांच्या तहसिली, पंचायत समित्या, सगळीकडे 'जन माहिती अधिकारी' नेमणं बंधनकारक झालं. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सचे पानामागे 2 रुपये. उत्तराला मुदत 30 दिवस. प्रश्न कुणाच्या जिवाचा असेल तर 48 तास. उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड, जास्तीत जास्त 25 हजार.

महाराष्ट्राला हे सगळंच नवं नव्हतं. राज्याचा स्वतःचा कायदा आधीच होता आणि त्याच्या अंमलासाठी अण्णा हजारे 9 ऑगस्ट 2003 रोजी मुंबईच्या आझाद मैदानात उपोषणाला बसले होते. उपोषण 12 दिवस चाललं. 9 ऑगस्ट ही तारीख पुढे पुन्हा येते.

केंद्राच्या कायद्यात माहिती नाकारण्याची कारणं कलम 8 मध्ये आहेत. त्यातलं दहावं 8(1)(ञ). एखाद्याची व्यक्तिगत माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल, किंवा ती दिल्याने त्याच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल, तर नाकारता येते. जनहित मोठं असेल तर तरीही द्यावी लागते. शेवटी एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड इथले सात आमदार सभागृहात जे विचारू शकतात, ते घाटंजीच्या मजुराला 10 रुपयांत विचारता येत होतं.

2006

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला 1 लाख रुपयांची मदत. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. प्रकरण तहसीलदाराकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, वसुलीचा तगादा होता का, एवढं पाहून समिती ठरवते. कागदावर नाव, गाव, कर्ज आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द: पात्र किंवा अपात्र.

सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर? कर्ज सावकाराचं असेल तर? गावात एकाच हंगामात दोन घरं उजाडली, एक पात्र ठरलं आणि दुसरं अपात्र, तर दुसऱ्या घराला पहिल्याचा कागद पाहिल्याशिवाय भांडता येत नाही. कागद मागायचा म्हणजे दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं कर्ज मागायचं. जिल्ह्यातले महत्त्वाचे कागद बहुतेक असेच, नावांच्या याद्या: रोजगार हमीचं हजेरीपत्रक, रेशनची यादी, कर्जमाफीची यादी, अतिवृष्टीच्या पंचनाम्याची यादी. त्यातली नावं काढली की उरते ती बेरीज. आणि बेरीज बरोबर आहे की नाही, हे नावांशिवाय तपासता येत नाही.

जानेवारी 2012

महिना एक, गोष्टी दोन. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं, की करारात लवादाचं कलम असलं तरी फसलेल्या बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. बारीक अक्षरातल्या अटीने दार बंद होत नाही.

त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने माहिती अधिकाराच्या नियमांत बदल केला. अर्ज एकाच विषयाचा हवा आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत हवा. 

3 ऑक्टोबर 2012

प्रकरण विदर्भातलंच, अकोल्यातल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या एका अधिकाऱ्याचं. अर्ज 27 ऑगस्ट 2008 चा. मागितलं होतं ते त्याला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा आणि मालमत्तेचं विवरण. 15 सप्टेंबरला नकार आला. चार वर्षांनी गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी नकार कायम केला: ही कर्मचारी आणि मालक यांच्यातली बाब, म्हणून व्यक्तिगत.

निकालात परंतुकाची चर्चा नाही. विधानमंडळाला हे नाकारता आलं असतं का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी पुढे वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले. कचेऱ्यांना मात्र नकाराचा तयार मजकूर मिळाला होता.

24 ऑगस्ट 2017

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निकाल एकमताचा.

त्याच पावसाळ्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर दाखल होत होते. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं ते 10 ऑक्टोबरला. तोवर जिल्ह्यातल्या मृत्यूंनी देशभर मथळे गाठले होते.

पोलिसांच्या नोंदींत 'पोलो' या एका कीटकनाशकाशी जोडलेली विषबाधेची 96 प्रकरणं होती. त्यातले दोघे दगावलेले. याच नोंदींच्या आधारावर बाधितांच्या संघटना स्वित्झर्लंडपर्यंत गेल्या. सप्टेंबर 2020 मध्ये 51 कुटुंबांच्या वतीने तिथल्या सरकारी मध्यस्थाकडे तक्रार झाली, 2021 मध्ये बाझलच्या न्यायालयात दावा. 'पोलो' बनवणाऱ्या कंपनीने जबाबदारी नाकारली. दावा टिकेल न टिकेल, तो उभा राहिला तो नावं असलेल्या कागदावर.

18 नोव्हेंबर 2022. उरले 1092 दिवस

केंद्राने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण विधेयकाचा मसुदा जाहीर केला. मोबाइल कंपन्या, बँका, अ‍ॅपवाले यांच्याकडून नागरिकाची माहिती जपण्यासाठीचा हा कायदा. कलम 30 च्या पोटात एक बदल होता, दुसऱ्याच कायद्यातला: 8(1)(ञ) मधल्या अटी काढायच्या, परंतुकही काढायचं. उरणार एवढंच, की 'व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती' देणं बंधनकारक नाही.

लोकांकडून हरकती मागवल्या. त्या हरकती जाहीर केल्या जाणार नाहीत, असंही सोबतच सांगितलं.

16 जानेवारी 2023. उरले 1033 दिवस

नीती आयोगाने माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला लिहिलं, की या बदलाने माहिती अधिकार कमजोर होऊ शकतो, विधेयक आहे त्या रूपात पुढे नेऊ नये. इशारा विरोधकांचा नव्हता, सरकारच्याच घरातला होता. तो बाहेर आला तोवर विधेयकाचा कायदा होऊन गेला होता. आणि आला तो माहिती अधिकारातल्या अर्जातून.

5 जुलै 2023. उरले 863 दिवस

मंत्रिमंडळाची मंजुरी. बदल कायम. कलमाचा क्रमांक आता 44(3).

3 ऑगस्ट 2023, गुरुवार. उरले 834 दिवस

मंत्री अश्विनी वैष्णव यांनी विधेयक लोकसभेत मांडलं. संसदीय समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. अधिवेशन 11 तारखेला संपणार होतं.

7 ऑगस्ट, सोमवार, सकाळी 11. उरले 830 दिवस

लोकसभेचं कामकाज सुरू. सकाळची बातमी राहुल गांधींची खासदारकी परत मिळाल्याची. सभागृहात मणिपूरवरून घोषणा.

दुपार

विधेयक चर्चेला आलं. घोषणा थांबल्या नाहीत. आवाजी मतदानाने मंजूर.

रात्री दहाच्या सुमारास

पलीकडे राज्यसभेत दिल्लीच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुकांचं विधेयक मताला आलं. यंत्र बिघडलं म्हणून चिठ्ठ्यांवर मतदान झालं. बाजूने 131, विरोधात 102. एक-एक मत मोजलं गेलं, कारण विरोधकांनी तशी मागणी केली होती. दुपारच्या विधेयकाचे असे आकडे नाहीत. आवाजी मतदानात कोण 'हो' म्हणालं आणि कोण 'नाही', याची नोंदच राहत नाही. माहिती अधिकारात मागूनही ती मिळणार नाही.

8 ऑगस्ट, दुपारी 12

लोकसभेत अविश्वास ठरावावर चर्चा सुरू. इथून तीन दिवस सगळे कॅमेरे त्या सभागृहावर.

9 ऑगस्ट, बुधवार. उरले 828 दिवस

आझाद मैदानातल्या उपोषणाला आज बरोबर 20 वर्षं.

दुपारी बाराच्या सुमारास लोकसभेत राहुल गांधी बोलायला उभे राहिले. संध्याकाळी अमित शहांचं उत्तर. दोन्ही भाषणं थेट प्रक्षेपित झाली.

मधल्या काळात राज्यसभेत हे विधेयक आलं. मणिपूरवर चर्चा मिळत नाही म्हणून विरोधकांनी सभात्याग केला. त्यांचा राग खरा होता, कारणही मोठं होतं. पण विधेयकाला विरोध करायला उरलं कोण? आवाजी मतदान, मंजूर. परंतुक गेलं ते अर्ध्या रिकाम्या सभागृहात. संसदेला जे कळतं ते सामान्य माणसालाही कळावं, असं सांगणारं ते एकमेव वाक्य होतं.

11 ऑगस्ट, शुक्रवार. उरले 826 दिवस

राष्ट्रपतींची स्वाक्षरी. त्याच दिवशी अधिवेशन संपलं. कायदा झाला, पण लागू कधी ते सरकार अधिसूचनेने ठरवणार होतं.

कायदा कागदावर पडून होता ती सव्वादोन वर्षं, माझ्या मते, सगळ्यात वाया गेलेली. फास दिसत होता, आवळलेला नव्हता. महाराष्ट्रात माहिती आयोगापुढे लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी तुंबल्या होत्या. यवतमाळचं दुसरं अपील अमरावती खंडपीठाकडे जातं. ज्याचं प्रकरण तिथे रांगेत होतं, तो तारखेची वाट पाहणार, की दिल्लीतलं कलम 44 वाचणार?

3 जानेवारी 2025. उरले 315 दिवस

नियमांचा मसुदा आला. पुन्हा हरकती मागवल्या.

10 एप्रिल 2025. उरले 218 दिवस

विरोधी आघाडीच्या 120 हून अधिक खासदारांच्या सह्यांचं निवेदन दिल्लीत पत्रकारांपुढे ठेवलं गेलं: 44(3) रद्द करा. 2023 च्या त्या दुपारी सभागृहाबाहेर असलेले पक्षही यात होते.

मंत्र्यांचं उत्तर त्याच दिवसाचं. कायद्यानेच जी माहिती जाहीर करायची आहे, रोजगार हमीसारखी, ती पुढेही जाहीर होत राहील. हा बदल फक्त खासगीपणा आणि माहितीचा हक्क यांची सांगड घालतो. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील आपणहून जाहीर करायला सांगणारं कलम 4 जागेवर होतं. जनहित मोठं असेल तर माहिती देता येईल, असं म्हणणारं 8(2) सुद्धा. फरक एवढाच, की आधी नकाराचं कारण अधिकाऱ्याने पटवून द्यायचं होतं. आता जनहित अर्जदाराने पटवून द्यायचं. तेही 150 शब्दांत.

आणखी एक आकडा कचेरीत पोचला होता. माहिती दडवली तर दिवसाला 250 रुपये. नव्या कायद्यात माहिती नीट जपली नाही तर संस्थेला 250 कोटींपर्यंत दंड. तो बाबूच्या खिशातून जाणार नाही, त्याची कलमं लागू व्हायला वेळही आहे. पण 'देऊ की नको' अशा पेचात पडलेल्या माणसाला दोन्ही आकडे दिसतात.

13 नोव्हेंबर 2025, गुरुवार, सायंकाळी 6.15. उरला 1 दिवस

राज्य सरकारच्या कचेऱ्या सुटण्याची वेळ. जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू. जुन्या कलमावर चाललेल्या कचेरीचा हा शेवटचा दिवस. आत कुणाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. कायदा लागू करणाऱ्या राजपत्रावर याच दिवसाची तारीख पडली.

14 नोव्हेंबर 2025, शुक्रवार, सकाळी 8

बिहारमध्ये मतमोजणी सुरू. दिवसभर वाहिन्यांवर तेच आकडे. सत्ताधारी आघाडी 243 पैकी 202 वर गेली.

राजपत्र लोकांसमोर आलं ते या दिवशी. कायदा एकदम लागू झाला नव्हता, तुकड्यातुकड्यांनी झाला होता. व्याख्या, माहिती संरक्षण मंडळाची स्थापना आणि 44(3) लगेच.

सकाळी 9.45

तहसिली उघडल्या. या दिवशी आवक खिडकीवर दिलेल्या अर्जाचे 30 दिवस 14 डिसेंबरला भरणार होते. पात्र-अपात्रची यादी मागणारा अर्ज असेल, तर उत्तर लिहिणाऱ्यापुढे आता चार शब्दांचं कलम होतं.

नागरिकाची संमती घ्या, त्याची माहिती जपा, त्याने सांगितलं तर पुसून टाका, असं कंपन्यांना आणि सरकारला बजावणारी कलमं 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. मे 2027 मध्ये.