दहा मिनिटे आणि पावणेसात वर्षे

७ जून २०१०. टेक्सासमधल्या स्लाइड फायर नावाच्या कंपनीला सरकारी पत्र मिळाले. पत्र होते एटीएफचे, म्हणजे दारू, तंबाखू, शस्त्रे आणि स्फोटके यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी केंद्रीय खात्याचे. कंपनीने तपासणीसाठी पाठवलेला ‘बम्प स्टॉक’ हा बंदुकीचा केवळ एक सुटा भाग आहे, त्यावर शस्त्र कायद्याचे नियंत्रण नाही, असा निर्वाळा त्यात होता. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्यांना गोळी झाडणे सोपे जावे, हा उपकरणाचा हेतू असल्याचे कंपनीने कळवले होते. वस्तू राजरोस बाजारात आली. लास व्हेगासमधल्या २०१७ च्या गोळीबाराचा घटनाक्रम लिहायचा तर तो या पत्रापासूनच सुरू करायला हवा.

२५ सप्टेंबर २०१७. लास व्हेगासच्या मँडले बे हॉटेलात ६४ वर्षांचा एक जुगारी उतरला. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढच्या काही दिवसांत वीसहून अधिक बॅगा त्याच्या बत्तिसाव्या मजल्यावरच्या खोल्यांत पोहोचल्या. काही तर हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनीच सामानाच्या लिफ्टने वर नेऊन दिल्या. नेहमीचे, पैसेवाले गिऱ्हाईक. कोण कशाला विचारणार?

१ ऑक्टोबर, रात्री ९.४०. हॉटेलसमोरच्या मोकळ्या मैदानात ‘रूट ९१ हार्वेस्ट’ या संगीत महोत्सवाची शेवटची रात्र. गायक जेसन अल्डीन मंचावर आला. समोर सुमारे २२,००० माणसे.

रात्री १० च्या सुमारास. एका खोलीचे दार उघडे राहिल्याची सूचना आली म्हणून हॉटेलचा सुरक्षारक्षक बत्तिसाव्या मजल्याकडे निघाला होता. जिन्याचे दार उघडेना. आतून चौकटीला धातूची पट्टी स्क्रूने ठोकलेली. तो दुसऱ्या वाटेने त्या मजल्यावर आला आणि त्या जुगाऱ्याच्या खोलीच्या बंद दारातून आलेली गोळी त्याच्या पायात घुसली.

रात्री १०.०५. फोडलेल्या खिडकीतून मैदानावर गोळीबार सुरू झाला. खाली अनेकांना वाटले, फटाके वाजताहेत. गाणे क्षणभर चालूच राहिले.

इथे थांबून त्या उपकरणाकडे नीट पाहू, कारण पुढचा सगळा खटला याच हालचालीवर चालला. साध्या अर्धस्वयंचलित रायफलीत एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते; दुसरीसाठी बोट सैल करून चाप पुन्हा ओढावा लागतो. बम्प स्टॉक बसवला की खांद्याला टेकलेला दस्ता जागेवर राहतो आणि बाकीची रायफल त्यावर मागेपुढे सरकते. उजव्या हाताचे बोट एका छोट्या कडेवर टेकवून स्थिर ठेवायचे, डाव्या हाताने रायफल पुढे रेटत राहायची. गोळी सुटली की धक्क्याने रायफल मागे येते, डावा हात तिला पुन्हा पुढे ढकलतो आणि चाप त्या स्थिर बोटावर येऊन आपटतो. पुन्हा गोळी. मिनिटाला चारशे ते आठशे गोळ्यांचा वेग यातून मिळतो.

रात्री १०.१५. गोळीबार थांबला. दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या. विमानतळाजवळच्या इंधनाच्या टाक्यांवरही हल्लेखोराने नेम धरला होता. मैदानातून माणसे कुंपणे ओलांडून पळत होती, अनोळखी जखमींना पिकअप ट्रकच्या मागे घालून रुग्णालयाकडे नेत होती.

रात्री १०.१७. पहिले पोलीस बत्तिसाव्या मजल्यावर पोहोचले.

रात्री ११.२०. स्फोटकांनी दार उडवून पोलीस आत शिरले. हल्लेखोराने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. खोल्यांत वीसहून अधिक बंदुका सापडल्या. त्यांतल्या डझनभर रायफलींना बम्प स्टॉक लावलेले. ५८ माणसे गेली. काही वर्षांनी जखमांमुळे आणखी दोघांचे मृत्यू झाले आणि आकडा ६० वर गेला. चारशेहून अधिक लोकांना गोळ्या लागल्या होत्या.

इथून घड्याळ मंदावते.

तीन दिवसांत सिनेटर डायन फाइन्स्टाइन यांनी बम्प स्टॉकबंदीचे विधेयक मांडले. ५ ऑक्टोबरला नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने सांगितले की बम्प स्टॉकची फेरतपासणी एटीएफने करावी. ते विधान समंजसपणाचे वाटले, पण त्यामुळे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दारात आलेला प्रश्न पुन्हा खात्याच्या टेबलावर गेला. काँग्रेसच्या सभासदांना तेच हवे होते: मतदान टळले. फाइन्स्टाइन तेव्हाच बजावत होत्या की बंदी फक्त कायद्यानेच टिकेल.

२० फेब्रुवारी २०१८ ला अध्यक्ष ट्रम्प यांनी नियम करण्याचा आदेश दिला. २६ मार्च २०१९ पासून नियम लागू झाला: बम्प स्टॉक म्हणजे मशीनगन, नष्ट करा, नाहीतर जमा करा. हा अर्थ १९३४ च्या कायद्यातून काढला होता. ‘चापाच्या एकाच क्रियेने’ आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडते ती मशीनगन, अशी त्यातली व्याख्या. ऑस्टिनमधले बंदूकविक्रेते मायकेल कार्गिल यांनी आपले दोन बम्प स्टॉक जमा केले आणि सरकारविरुद्ध दावा लावला.

१४ जून २०२४. याच दाव्यात सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रद्द केला. न्यायमूर्ती थॉमस यांनी निकालपत्रात रायफलीच्या आतल्या भागांच्या आकृत्याच छापल्या. प्रत्येक गोळीला चाप पुन्हा दाबला जातो, शिवाय डाव्या हाताने रेटत राहावे लागते. म्हणून ही मशीनगन नव्हे, आणि कायद्याला जे म्हणायचे नाही ते खात्याला म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मत न्यायासनावरून वाचून दाखवले: माणूस बोट एकदाच टेकवतो, मग गोळ्या सुटतच राहतात, सामान्य माणसाला ही मशीनगनच दिसेल. मला त्यांचे म्हणणे पटते. ‘क्रिया’ चालवणाऱ्याची मोजायची, लोखंडाची नव्हे. तरीही बहुमताचा एक मुद्दा खोडता येत नाही. २०१० मध्ये चालते म्हणून सांगणाऱ्या खात्याने २०१८ मध्ये तेच शब्द वाचून उलटे सांगितले. कायद्याचे शब्द तेवढेच राहिले होते. बदलले होते ते मृतांचे आकडे.

दोनच आठवड्यांनी, २८ जूनला, याच कोर्टाने लोपर ब्राइट या दुसऱ्या खटल्यात संदिग्ध कायद्याचा खात्याने लावलेला अर्थ मानण्याची चाळीस वर्षांची पद्धतही मोडीत काढली. यापुढे खात्यांच्या भरवशावर कायदेमंडळाला हात झटकता येणार नाहीत.

न्यायमूर्ती अलिटो यांनी बम्प स्टॉकचा नियम रद्द करण्याच्या बाजूने मत देतानाच लिहिले होते की काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली की प्रश्न मिटतो. त्या निकालानंतर चारच दिवसांनी, १८ जूनला, सिनेटमध्ये तसे विधेयक एकमताने संमत करण्याची विनंती झाली. नेब्रास्काचे सिनेटर पीट रिकेट्स यांनी हरकत घेतली आणि विधेयक तिथेच अडले. नेवाडाने मात्र केंद्राची वाट पाहिली नव्हती. ज्या राज्यात ही माणसे मेली, त्या राज्याच्या विधिमंडळाने २०१९ मध्येच बम्प स्टॉकवर बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला होता. सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्या कायद्याला धक्का लागला नाही.