फुकट बघणाऱ्यांची टेकडी

तोफेचा आवाज झाला आणि माझी चार वर्षांची लेक मला घट्ट बिलगली.

आम्ही बर्कलीच्या मेमोरियल स्टेडियममध्ये 'बिग गेम' बघायला गेलो होतो. बर्कली विरुद्ध स्टॅनफर्ड, कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांमधला फुटबॉल सामना. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा. बर्कलीने गुण मिळवले की स्टेडियमवरच्या टेकडीवरून तोफ उडते. ती दाखवायला मी बोट वर केलं, पण लेकीला तोफेऐवजी माणसं दिसली.

"बाबा, ते लोक तिकडे का बसलेत?"

"तिथून फुकट दिसतं."

त्या टेकडीचं नावच 'टाइटवॉड हिल', म्हणजे चिकटूंची टेकडी. लेक खुदकन हसली. मला मात्र सामन्याआधी वाचलेली एक गोष्ट आठवली.

तसा या सामन्याचा इतिहास मजेशीर आहे. पहिला सामना १९ मार्च १८९२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. स्टॅनफर्ड सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. खेळाडू आले, प्रेक्षक आले आणि मग लक्षात आलं की चेंडूच कुणी आणलेला नाही! पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवरही विद्यार्थी असताना स्टॅनफर्डच्या संघाचा व्यवस्थापक होता.

मग १९८२चा सामना. शेवटची चार सेकंदं, हातोहात पाच वेळा दिलेला चेंडू, खेळ संपला असं समजून मैदानात घुसलेला स्टॅनफर्डचा बँड आणि त्या वादकांमधून वाट काढत बर्कलीने २५-२० असा मारलेला सामना. या गोष्टी इथे जो तो रंगवून सांगतो.

२९ नोव्हेंबर १९०० ची गोष्ट तशी रंगवता येत नाही.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. सामना सॅन फ्रान्सिस्कोत, तिकीट एक डॉलर. मैदानाशेजारी काचेचा नवाकोरा कारखाना होता. फुकट बघायला शेकडो लोक त्याच्या छपरावर चढले, त्यात पोरंच जास्त. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात छप्पर कोसळलं. खाली भट्टी धगधगत होती. २३ जण गेले, शंभराहून जास्त जखमी झाले.

सामना थांबला नाही. मैदानातल्या बहुतेकांना शेजारी काय घडलं याचा पत्ताही नव्हता. स्टॅनफर्ड ५-० ने जिंकलं.

आमच्या कामात सर्व्हर किती भार पेलेल, याचा हिशेब आधी करतात. ते छप्पर तर माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं. पण त्या पोरांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लहानपणी जत्रेतल्या कुस्त्या बघायला मीही शाळेच्या पत्र्यावर चढलोय. पत्रा करकरायचा आणि आम्ही हसायचो. खिशात पैसे नसले म्हणून बघायची हौस कमी होत नाही. आमचा पत्रा टिकला, एवढाच फरक.

"बाबा, आपण पण तिकडे बसू या ना!"

"पुढच्या वेळी."

बर्कलीत हा सामना एक वर्षाआड होतो. पुढच्या वेळी ती सहा वर्षांची असेल. तेव्हा आम्ही टेकडीवर बसू आणि त्या छपराची गोष्ट मी तिला सांगेन.

तेवढ्यात पुन्हा तोफ उडाली. या वेळी तिने कानांवर हात ठेवले आणि दुसऱ्या हाताने टेकडीकडे टाटा करायचा राहून गेला म्हणून माझाच हात धरून हलवायला लावला.